मांजराला आंघोळ : केव्हा व कशी?

“मांजराला दर आठवड्याला आंघोळ घालावी का?” असे पशुपालक मला हमखास विचारतात. उत्तर सोपे आहे. निरोगी मांजराला आंघोळीची गरज नसते. त्याच्या जिभेवर बारीक काटे असतात व त्यांनी ते आपले अंग विंचरून स्वच्छ ठेवते. उलट, मांजराने अंग चाटणे सोडून दिले व केस विस्कटलेले राहू लागले, तर ते आजारी असण्याची शक्यता असते. अशा वेळी आंघोळ न घालता त्याला दवाखान्यात न्यावे.

मात्र अंगाला गाडीचे ऑइल, रंग किंवा तिखट लागले, तर ते धुवावेच लागते, नाहीतर चाटल्याने पोटात जाते. नंदुरबारात मिरचीच्या हंगामात पथारीवर व गोदामात उंदरांमागे फिरणाऱ्या मांजराला तिखट लागणे नवे नाही. मिरचीतील दाहक अंश तेलात विरघळतो, नुसत्या पाण्याने जात नाही. म्हणून पूड आधी कोरड्या फडक्याने पुसून मग शाम्पू वापरावा.

आंघोळ घालताना पुढील काळजी घ्यावी :

१) आदल्या दिवशी नखांची फक्त टोके कापावीत. आतील गुलाबी भाग कापू नये, रक्त येते.

२) दुपारची उन्हाची वेळ निवडावी. मोरीचे दार लावून घ्यावे.

३) पाणी आधीच काढून ठेवावे, नळाच्या आवाजाने मांजर बिथरते. टबात चार बोटे कोमट पाणी पुरे. कोपर बुडवून पाहावे.

४) टबाच्या तळाशी जुना टॉवेल अंथरावा. पाय घसरला की मांजर घाबरते व नखे मारते.

५) एकाने खांद्यापाशी हळुवार धरावे, दुसऱ्याने मानेखालून पाणी घालावे. तोंडावर तांब्या ओतू नये. तोंड ओल्या फडक्याने पुसावे.

६) मांजरासाठीचा शाम्पू थोडाच वापरावा व पूर्ण धुऊन काढावा. नंतर टॉवेलात गुंडाळून कोरडे करावे व आवडीचा खाऊ द्यावा.

कान मागे पडले, मांजर गुरगुरू लागले किंवा तोंड उघडून श्वास घेऊ लागले, तर लगेच थांबावे. दोन महिन्यांच्या आतील पिलांना, तसेच आजारी मांजराला घरी आंघोळ घालू नये.

एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. पिसवा मारण्यासाठी फिनेल, जंतुनाशक द्रव, रॉकेल किंवा जनावरांचे गोचिडांचे औषध मांजराला कधीही लावू नये. असली कित्येक रसायने मांजराच्या यकृताला निकामी करता येत नाहीत. लाळ गळणे, अंग थरथरणे, झटके येणे ही विषबाधेची लक्षणे होत. ती दिसताच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

मांजराने चावा घेतला किंवा ओरखडून रक्त काढले, तर जखम १५ मिनिटे साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवावी. हळद, चुना, मिरची काहीही भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबाबत विचारावे. पोटातील इंजेक्शनांची धास्ती बाळगू नये. ती जुनी लस आपल्या देशात २००४ साली बंद झाली व आता लस दंडात देतात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून आंघोळीपेक्षाही आपल्या मांजराला दरवर्षी रेबीजची लस टोचून घेणे अधिक गरजेचे आहे.