‘विक्रांत’ आणि समुद्रावरील धावपट्टी

अमरावतीजवळील बेलोरा विमानतळाची धावपट्टी १८५० मीटर लांब आहे. अकोल्याच्या शिवणीची सुमारे १४०० मीटर. ती अपुरी पडते म्हणून वाढवावी, ही मागणी जुनीच आहे. आपल्या नौदलाची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ मात्र टोकापासून टोकापर्यंत अवघी २१३ मीटर होती. तेवढ्या जागेतून लढाऊ विमाने उडत असत!

विमानाला उचलते ती पंखांवरून वाहणारी हवा. म्हणून उड्डाणाच्या वेळी नौका वाऱ्याला सामोरी जाऊन वेगाने धावते. वाऱ्याचा व नौकेचा असे दोन्ही वेग विमानाला आयतेच मिळतात. उरलेला वेग ‘विक्रांत’वर कॅटापुल्ट हे यंत्र देई. ते वाफेच्या दाबाने विमान पुढे फेकत असे. उतरताना विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडकतो आणि काही क्षणांत विमान थांबते. आकडा चुकलाच तर पुन्हा झेप घेता यावी, म्हणून उतरण्याची पट्टी थोडी तिरपी आखलेली असते.

सलग सपाट डेकची पहिली नौका ब्रिटनची ‘आर्गस’, १९१८ सालची. मे १९४२ मध्ये कोरल समुद्रात अमेरिका व जपान यांची आरमारे लढली, पण त्यांच्या नौकांनी एकमेकींना पाहिलेही नाही. लढली ती विमाने. तोफांच्या अजस्र युद्धनौकांचे महत्त्व तेथेच ओसरू लागले.

‘विक्रांत’ मूळची ब्रिटिश ‘हर्क्युलिस’. महायुद्ध संपल्याने ती अर्धवट राहिली होती. भारताने १९५७ मध्ये ती विकत घेतली, बेलफास्ट येथे पूर्ण करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल केली. १९७१ च्या युद्धात तिचा एक बॉयलर तडकलेला होता. बॉयलर नादुरुस्त म्हणजे वाफ कमी आणि नौकेचा वेगही कमी. विमानांना लागणारा आधार दोन्हीकडून तुटलेला. तरीही ४ डिसेंबरला तिच्या ‘सी हॉक’ विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला चढविला. या नौकेचे खरे मोठेपण प्रस्तुत लेखकास येथे दिसते.

१९९७ मध्ये ती निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये दारूखान्यात भंगारात निघाली. तिच्या धातूचा काही अंश बजाजच्या ‘व्ही’ मोटारसायकलीच्या टाकीत गेला. आपल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या दारात तो उभा असेलही. ‘विराट’ तरी वाचावी म्हणून राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये सिंधुदुर्गातील निवतीजवळ संग्रहालयाच्या प्रस्तावास मान्यता दिली. पण २०२० मध्ये तीही अलंगच्या किनाऱ्यावर तोडण्यास गेली. अशी नौका जतन करणे अतिशय खर्चिक असते, हे मान्य. तथापि समुद्र न पाहिलेल्या वऱ्हाडी मुलांना तिच्या डेकवर उभे राहता आले असते, ही हानी कोणत्या हिशेबात धरावयाची?

नवी ‘विक्रांत’ कोची येथे बांधली गेली व २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली. लांबी २६२ मीटर, पोलाद भारतीय. तिच्यावर कॅटापुल्ट नाही. डेकचे पुढचे टोक वर उचललेले आहे आणि विमान स्वतःच्या बळावर त्या चढणीवरून झेपावते. रचना सोपी, मात्र इंधन व शस्त्रे यांचे ओझे बेतानेच न्यावे लागते.