धारवाडचे खडक आणि त्यांच्या वयाचा हिशेब



आपल्या शहराचे नाव पेढ्यामुळे आणि शास्त्रीय संगीतामुळे देशभर माहीत आहे. परंतु जगभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत ते आणखी एका कारणाने छापलेले असते. ते कारण म्हणजे ‘धारवाड क्रॅटन’. क्रॅटन म्हणजे खंडाचा अतिप्राचीन, घट्ट बसलेला गाभा. कर्नाटकाचा बराच मोठा भाग या गाभ्यावर उभा आहे.

हे नाव पडले कसे? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले अधिकारी रॉबर्ट ब्रूस फूट यांनी आपल्या भागाची पाहणी केली. त्या वेळी या भागाला ‘दक्षिण मराठा प्रदेश’ म्हणत. त्यांचा अहवाल १८७६ साली प्रसिद्ध झाला. पुढे १८८० च्या दशकात त्यांनी येथील पापुद्र्यांच्या, लोहयुक्त पट्ट्यांच्या खडकांना ‘धारवाड’ हे नाव दिले.

आधी कोण?

कर्नाटकात प्राचीन खडकांचे दोन मोठे गट दिसतात. एक हे धारवाडी खडक. दुसरा नाइस, म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कठीण खडक. मराठीत त्याला पट्टिताश्म म्हणतात. यांपैकी आधी कोण?

फूट यांचे मत असे की, नाइस ही जमीन आणि धारवाडी खडक तिच्यावर नंतर साचले. म्हैसूर संस्थानाच्या भूविज्ञान खात्याचे प्रमुख डब्ल्यू. एफ. स्मीथ यांचे मत नेमके उलटे होते. धारवाडी खडक आधीचे आणि नाइस नंतर खालून वितळलेल्या रूपात त्यांच्यात घुसला, असे ते १९१६ च्या सुमारास सांगत. दोघांनीही डोंगर पायी फिरून पाहिले होते आणि दोघांकडेही पुरावे होते. मग निवाडा कोणी करायचा? त्यासाठी खडकाचे वय मोजण्याची सोय हवी होती.

खडकातले घड्याळ

झिर्कॉन नावाचे एक खनिज आहे. त्याचा कण बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे बारीक वाळूसारखा असतो. वितळलेला खडक थिजताना झिर्कॉन थोडे युरेनियम आत घेतो, पण शिसे जवळजवळ घेतच नाही. युरेनियमचे अणू ठरलेल्या गतीने मोडतात आणि शेवटी त्यांचे शिसे होते. म्हणून आज झिर्कॉनमध्ये शिसे सापडले, तर ते बहुतेक सगळे आतल्या युरेनियमपासूनच झालेले असते.

निम्मे अणू मोडायला जो काळ लागतो, त्याला अर्धायुष्यकाल म्हणतात. मी हिंदी माध्यमातून शिकलो, तिथे ‘अर्ध-आयु’ म्हणत. शब्द वेगळा, हिशेब तोच. युरेनियम-२३८ चा अर्धायुष्यकाल सुमारे ४४७ कोटी वर्षे आहे आणि युरेनियम-२३५ चा सुमारे ७० कोटी वर्षे.

समजा, कण ३०० कोटी वर्षांचा आहे. मग पहिल्या प्रकारच्या मूळ १०० अणूंपैकी सुमारे ६३ शिल्लक असतील आणि दुसऱ्या प्रकारच्या १०० पैकी फक्त ५. म्हणजे एकाच कणात दोन स्वतंत्र घड्याळे चालू असतात. दोन्ही एकच वेळ दाखवत असतील तर वय पक्के. वेळ जुळली नाही तर मध्येच काहीतरी बिघडले, उदाहरणार्थ, खडक पुन्हा तापला आणि थोडे शिसे निसटले, असे समजायचे.

काही मुले विचारतात, कार्बनवरून वय का काढत नाहीत? कार्बन-१४ चा अर्धायुष्यकाल केवळ ५,७३० वर्षे आहे. सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे तो उपयोगी पडत नाही. शिवाय त्यासाठी लाकूड, हाड असे सजीवाचे अवशेष लागतात.

निवाडा

वये हाती आली तेव्हा दोघांचेही म्हणणे अर्धे-अर्धे खरे ठरले. हासन जिल्ह्यातील गोरूर येथील नाइस ३३० कोटी वर्षांहून जुना निघाला. धारवाडी खडकांचा मुख्य गट सुमारे २९० ते २६० कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे फूट बरोबर. परंतु ज्यांना सरसकट धारवाडी म्हटले जाई त्यांतले काही पट्टे फार जुने निघाले आणि त्यांच्यात नाइस खरोखरच घुसलेला होता. म्हणजे तेवढ्यापुरते स्मीथही बरोबर. या जुन्या पट्ट्यांना आता ‘सरगूर गट’ म्हणतात. त्यांच्यातले काही झिर्कॉन तर ३५० कोटी वर्षांहूनही जुने आहेत.

खंड कसे घडले?

आरंभीच्या पृथ्वीचे कवच बहुतांशी काळ्या, जड बेसाल्टचे होते. ते खोल जाऊन पाण्याच्या सान्निध्यात तापले की, त्याचा काही भाग वितळे. हा रस हलका असल्याने तो वर येऊन थिजे. दुधावर साय धरते तशी ही पृथ्वीची साय. हेच पहिले खंड. बेसाल्ट कवच खोल नेमके कसे गेले, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. परंतु साय एकदाच धरली नाही, एवढे धारवाडच्या झिर्कॉनवरून स्पष्ट होते. ३४५ ते २५२ कोटी वर्षांच्या दरम्यान ती टप्प्याटप्प्याने धरत गेली. शेवटच्या टप्प्यात आलेला ग्रॅनाइट रामनगरच्या डोंगरांत दिसतो. ‘शोले’ चित्रपटातले डोंगर ते हेच.

आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव सह्याद्रीच्या बाजूचे. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. धारवाडी खडक त्याच्या जवळजवळ चाळीसपट जुने. कोयनेजवळ ३ किलोमीटर खोल विवर घेतले, तेव्हा लाव्हाच्या थरांखाली ग्रॅनाइट आणि नाइसच लागले. वरचा पाषाण वेगळा दिसला, तरी तिथलाही पाया प्राचीनच.

पालकांना एक विनंती. मुलांनी ‘३०० कोटी’ हा आकडा पाठ केला तर परीक्षेत एक गुण मिळेल. ‘हे कशावरून?’ असे त्यांनी विचारले तर त्यांना आयुष्यभराची शिदोरी मिळेल. आणि हेही लक्षात असू द्या की, खडीसाठी फोडलेला डोंगर पुन्हा वाचता येत नाही.

स्वाध्याय

१. फोडलेले १०० चिंचोके घ्या. उधळा, पांढरी बाजू वर आलेले बाजूला काढा, उरलेले मोजा. असे पाच वेळा करून आलेख काढा. चिंचोक्यांचा ‘अर्धायुष्यकाल’ किती फेकींचा?

२. गाळाच्या खडकातला झिर्कॉन २८० कोटी वर्षांचा निघाला. तो खडक त्याहून जुना असू शकेल का? कारण द्या.

३. बेंगळुरूला गेलात तर लालबागेतल्या खडकावर चढा. तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक असलेला नाइस आहे. त्यातले पट्टे नीट पाहा, चित्र काढा आणि वर्गशिक्षकांना दाखवा.