बालवर्गाचे पहिले दिवस : आधी खेळ, मग वंदना



विहारात बालवर्ग चालविणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी हे चार शब्द अनुभवातून लिहीत आहोत.

आमच्या वर्गाच्या पहिल्याच दिवशी आम्ही तीन ते सहा वर्षांच्या मुलांना रांगेत बसविले, हात जोडायला लावले आणि त्रिशरण-पंचशील म्हणून घेतले. हेतू चांगला होता. पण एक लहान मुलगी आईचा पदर सोडीना. आम्ही आईला बाहेर थांबविले व दार लावून घेतले. मुलगी तासभर रडली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. चूक तिची नव्हती, आमची होती.

परमपूज्य बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत इतर मुलांपासून वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. त्यांचे अनुयायी म्हणविणाऱ्या आमच्या वर्गात एखाद्या बालकाला परके वाटावे, हे आम्हांस शोभत नाही.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. मूल जिथे रमते तिथून सुरुवात करावी, हा त्यातील बोध. लहान मूल रमते ते खेळात. म्हणून पहिले काही दिवस आम्ही पुढीलप्रमाणे वागतो.

१. साहित्य : ओली माती, वाळू, पाण्याचे पसरट भांडे, लाकडी ठोकळे, रिकाम्या काड्यापेट्या, भातुकली. सर्व वस्तू मुलांच्या हाताला येतील अशा मांडाव्यात. पाण्यापाशी मोठे माणूस हवेच. चिंचोके-मणी फार लहान मुलांपासून दूर ठेवावेत. ती तोंडात घालतात.

२. पालक : आई, वडील किंवा आजी यांना वर्गात बसू द्यावे. निघताना सांगून निघावे. मुलाचा डोळा चुकवून जाऊ नये.

३. ताई : ताईंनी जमिनीवर बसावे. मुलाला नावाने हाक मारावी, पण "हे कर, ते कर" म्हणू नये. काय खेळायचे ते मूल ठरवील.

४. नुसते पाहणारे मूल : ते मागे पडलेले नाही. पाहणे हीदेखील सामील होण्याची पहिली पायरी आहे. त्याला ओढू नये, पण त्याच्याजवळ बसावे.

५. मोडतोड : संयुत्तनिकायात तथागतांनी भिक्खू राधाला मातीची घरे करून खेळणाऱ्या मुलामुलींचा दृष्टान्त दिला आहे. गोडी असेपर्यंत मुले ती घरे जपतात, गोडी सरली की हातापायांनी मोडून टाकतात. म्हणून स्वतःचे घर मोडणाऱ्या मुलावर रागावू नये. दुसऱ्याचे मोडू लागल्यास मात्र हळूच थांबवावे.

६. वंदना : अर्धा-पाऊण तास खेळ झाल्यावर साहित्य सर्वांनी मिळून आवरावे आणि गोल करून बसावे. मग लहानशी वंदना घ्यावी. ज्याला म्हणायची त्याने म्हणावी. बाकीची ऐकून शिकतात.

पुढे आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो, आईची माफी मागितली व दोघींना बोलाविले. चार दिवस ती आईच्या मांडीवरून नुसती पाहत होती. पाचव्या दिवशी तिने मातीची भाकरी थापली आणि शेजारच्या मुलाला वाढली. त्या दिवशी ती आमच्या वर्गात खऱ्या अर्थाने आली.

पंचशील मुखोद्गत व्हायला पुढे पुष्कळ वर्षे आहेत. पण विहार आपला आहे, हे बालकाला पहिल्या आठवड्यातच कळले पाहिजे. समाजबांधवांनी आपापल्या विहारात हा प्रयोग अवश्य करून पाहावा, ही नम्र विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!