प्रकल्प मुलांचा आहे, मुलांनाच करू द्या

पालकहो, रात्री दहाला स्टेशनरीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं असतं आणि बाहेर तीन-चार आया, एखादे बाबा उभे असतात. कोणाला कार्डशीट हवी असते, कोणाला 'प्रदूषणाची चित्रं', कोणाला चमकी. उद्या पर्यावरणाचा प्रकल्प द्यायचा असतो. घरी गेल्यावर आई कातरते, बाबा मथळे लिहितात आणि ज्याचा प्रकल्प, तो झोपलेला असतो. 'झाडे लावा'चं पान मात्र देखणं होतं.

तुम्हाला दोष द्यायचा नाही. गुण, वेळ, शाळेच्या अपेक्षा, सगळं समजतं. पण हा विषय शाळेत आला कसा, तेही बघा. पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. आपल्याकडे महाराष्ट्रात तिसरीपासून परिसर अभ्यास आहे आणि नववी-दहावीला जलसुरक्षा हा श्रेणी विषयही आला. पुस्तकं वाईट नाहीत, काही धडे तर फार छान आहेत. अडतं ते पुस्तक मिटल्यावर. मुलाला ध्रुवीय अस्वल काढता येतं, पण आपल्या नळाचं पाणी कुठल्या धरणातून येतं ते ठाऊक नसतं. (आपल्यालाही ठाऊक नसेल, तर त्याच्याबरोबर शोधा. त्यात कमीपणा नाही.)

यंदा पावसाळ्यात एक करून बघा. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची मोठी बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा, नरसाळ्यासारखा तिच्यात बसवा. बुडाला खाचखळगे असतात, म्हणून थोडं पाणी ओतून बाजू सरळ होतात तिथे शून्याची खूण करा आणि तिथून वर पट्टी चिकटवा. गच्चीवर, भिंतीपासून आणि झाडापासून लांब, विटांच्या आधाराने ठेवा. झालं पर्जन्यमापक. रोज सकाळी साडेआठला आकडा टिपायचा आणि पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणायचं. हवामान विभागही चोवीस तासांचा पाऊस साडेआठलाच मोजतो, हे सांगितलंत की मुलाला एकदम आपण सरकारी माणूस झाल्यासारखं वाटतं! शाळा सकाळची असेल तर सातला टिपा, फक्त वेळ रोज तीच ठेवा.

पुढची गंमत गणिताची आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. सहाशे चौरस फुटांचं छप्पर साधारण 56 चौरस मीटरचं. त्यावर वीस मिलिमीटर पाऊस पडला की अकराशेच्या वर लिटर झालं. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात, म्हणजे चौघांच्या घराचं दोन दिवसांचं पाणी एका सरीत पन्हाळीतून गटारात गेलं. हे तुम्ही सांगू नका, मुलाला काढू द्या. मग कधीतरी त्याला 26 जुलै 2005 सांगा. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता. ज्याने स्वतः बारा मिलिमीटर मोजलाय, त्याला हा आकडा ऐकून घाम फुटतो. नुसतं वाचणारा पान उलटतो.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे अशाच हिशेबावर उभं राहिलेलं गाव. पाऊस तिथे मुळातच कमी. किती पडला, जमिनीत किती मुरला, माणसं-गुरांना किती लागेल हे मांडून उरलेल्या पाण्यावर कुठली पिकं घ्यायची ते गाव ठरवतं. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस-केळी नाही. शाळेतली मुलंही या मोजणीत असतात. या कामाचं नेतृत्व करणाऱ्या पोपटराव पवारांचं नाव आपण घेतो, आणि ते घ्यायलाच हवं. पण आकडे घरोघरी कळत नसते, तर ऊस न लावण्याचा निर्णय गावाने किती दिवस पाळला असता, असा प्रश्न मला पडतो.

पुस्तक मिटल्यावर अडतं ते ओल्या-सुक्या कचऱ्यातही; फार लांबवत नाही. मुलगी शाळेतून शिकून येते, दोन डबे मांडते आणि पाहुणे गेल्यावर आपण घाईघाईत सगळं एकाच पिशवीत कोंबतो. ती बघत असते. त्या दिवशी ती शिकते ते असं, की हे परीक्षेपुरतं असतं. पुढच्या वर्षी ती डबे मांडत नाही आणि आपल्याला ते लक्षातही येत नाही.

आणखी एक, जरा नाजूक. काही मुलं खरंच घाबरतात. 'मी मोठा होईपर्यंत पाणी संपेल का?' असं आठ-नऊ वर्षांचं पोर झोपताना विचारतं. त्याला 'काही होत नाही, झोप' म्हणू नका, कारण ते शाळेत वेगळं ऐकून आलेलं असतं. त्याच्या वयाला तापमानवाढीचं ओझं पेलत नाही, पण गळणारा नळ पेलतो. प्लंबरला फोन त्याला करू द्या, वायसर बदलताना त्याला शेजारी उभं करा, आधी नळाखाली तांब्या ठेवून तासाला किती गळतं ते मोजायला सांगा.

आणि प्रकल्पाच्या वहीत मुलाच्या या नोंदीच जाऊ द्या. पाण्याने फुगलेली पानं, खाडाखोड, आजारी पडल्यामुळे रिकामे राहिलेले चार दिवस. एखादे शिक्षक 'सजावट कमी' असा शेरा मारतील. पालकसभेत त्यांना निवांत भेटा आणि पर्जन्यमापक शाळेच्या गच्चीवर बसवता येईल का, ते विचारून बघा.