आता पुरे!

(वाचनासाठी: लूक १५:११-३२)



"आता पुरे!" हे शब्द आपण प्रत्येकाने कधी ना कधी उच्चारले आहेत. आपल्या सोयगाव भागात कापसाचे पैसे हातात येतात आणि एखाद्या घरी ते दोन दिवसांत गुत्त्यावर जातात. घरातली बाई म्हणते, आता पुरे. सकाळी शुद्धीवर आल्यावर नवराही तेच म्हणतो. संध्याकाळ झाली की शब्द विरून जातात. म्हणून "पुरे" म्हणणे आणि खरोखर उठून निघणे यांत किती अंतर आहे, ते आज आपण पाहू या.

उधळ्या पुत्राचा दाखला आपल्याला पाठ आहे, तरी त्यातली एक गोष्ट नजरेतून सुटते. डुकरे राखताना, पोटात आग पडली असताना तो भानावर आला. पण प्रभू येशू तिथे थांबत नाही. मुलाने बापाला काय सांगायचे ते मनाशी ठरवले आणि तो चालू लागला. आधी चार पैसे कमवू, धड कपडे घेऊ, मग घरी तोंड दाखवू, असे तो म्हणाला नाही. आहे त्या अवतारात निघाला.

मात्र सगळे सरल्यावरच माणूस वळतो, असे समजू नये. आपल्याच महाराष्ट्रातील संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसई येथे झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईची. येशूसंघीय धर्मगुरूंजवळ त्यांचे शिक्षण झाले आणि कोवळ्या वयातच ते जपानला गेले. तिथली भाषा शिकून त्यांनी धर्मशिक्षक म्हणून काही वर्षे सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही.

अशा वेळी माणूस आतून मोडतो. गोन्सालो यांनी ते काम सोडले आणि व्यापार धरला. व्यापार उत्तम चालला, पैसा आला, ओळखी वाढल्या. लोकांच्या दृष्टीने त्यांचे बस्तान बसले होते. (आपल्याकडे अशा मुलाची आई लगेच सून शोधू लागते!) पण मनातली हाक गप्प बसेना. मनिला येथे त्यांचा फ्रान्सिस्कन संघाशी संबंध आला. भरला धंदा सोडून ते त्या संघात साधे धर्मबंधू म्हणून दाखल झाले.

आम्हाला यातली हीच बाब मोठी वाटते. ज्या दारावर नकार मिळाला त्या दाराशी ते अडून बसले नाहीत. दुसरीकडे जी जागा मिळाली ती लहान होती, तरी त्यांनी ती घेतली. आपण मात्र भाऊबंदकीतला एखादा जुना अपमान वीस-वीस वर्षे उराशी धरून बसतो आणि आयुष्य बदलायचे राहूनच जाते.

१५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत दुभाषी म्हणून गोन्सालो पुन्हा जपानला गेले. वाया गेली असे वाटणाऱ्या वर्षांत शिकलेली भाषाच तिथे कामी आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर मारण्यात आले, त्यांत तेही होते. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

गोन्सालो यांचा निर्णय टिकला, कारण तो पेलायला सोबत एक संघ होता. दारूच्या बाबतीत तर एकट्याने केलेला निश्चय फारसा टिकत नाही. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये कृपा फाउंडेशनचे काम सुरू केले, ते याच जाणिवेतून. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणातही एकमेकांच्या आधारानेच माणसे उभी राहतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकीत कोणी जन्मभराची शपथ मागत नाही. आजचा दिवस पिणार नाही, एवढेच ठरवायचे, उद्याचे उद्या. आपण मात्र प्रायश्चित्तकाळात चाळीस दिवस बाटलीला शिवत नाही आणि ईस्टरच्या संध्याकाळी सगळे उट्टे काढतो!

ज्या घरात हा प्रश्न आहे, त्यांनी मिस्सानंतर फादरांना जरूर भेटावे. पिणारा येत नसेल, तर पत्नीने, आईने किंवा थोरल्या मुलाने यावे. त्याच्या येण्याची वाट पाहत घरी बसू नये.