‘सिद्धरस’ कथेचा शेवट आणि मराठी वाचक : शिवत्रयीच्या तिसऱ्या खंडाच्या निमित्ताने

अमिश त्रिपाठी यांची शिवकथेवरील त्रयी मूळ इंग्रजी. तिचे खंड २०१०, २०११ आणि २०१३ साली प्रसिद्ध झाले. पुढे मराठी अनुवादही आले. ‘वायुपुत्रांची शपथ’ या अखेरच्या खंडाविषयी जी नाराजी व्यक्त झाली, तिचा बराचसा भाग सहज समजण्याजोगा आहे. युद्धाची खलबते फार लांबली आहेत, प्राचीन काळातील पात्रे आजच्या कचेरीतली भाषा बोलतात, हे आक्षेप रास्तच आहेत. त्यांवर अधिक लिहिण्याचे कारण नाही. विचार करावा अशी प्रतिक्रिया वेगळी आहे. सतीच्या मृत्यूने वाचक हादरले. वस्तुतः दक्षयज्ञाच्या कथेमुळे हा मृत्यू अटळ असल्याचे त्यांना आधीच ठाऊक होते. मग धक्का कशाचा?

हान्स रॉबर्ट याउस ज्याला वाचकाच्या अपेक्षांचे क्षितिज म्हणतो, ते मराठी वाचकाच्या बाबतीत अद्भुत कादंबऱ्यांनी घडविलेले नाही. ते श्रीधराने घडविले आहे. शके १६४० मधील ‘शिवलीलामृता’च्या तेराव्या अध्यायात दक्षयज्ञ येतो, सती देह टाकते, आणि त्याच अध्यायात पार्वती जन्मते, तिचे लग्न लागते, षडाननाचा जन्मही होतो. पोथी मिटण्यापूर्वीच गेलेली परत आलेली असते. कन्हानकाठच्या खाप्यासारख्या गावात ज्याच्या कानावर श्रावणातले पारायण पडले आहे, सावनेर-छिंदवाड्याच्या वाटेने पचमढीला नागद्वारी जाणारे यात्रेकरू ज्याने पाहिले आहेत, त्याच्या लेखी महादेव हा जोडीचा देव आहे. सतीचा मृत्यू ही त्याला कथेतली एक पायरी वाटते, शेवट नव्हे.

अमिश यांनी नेमकी हीच पायरी शेवटची केली. त्याची तयारी त्यांनी आधीपासून केलेली दिसते. येथे गणेश हा सतीला पहिल्या पतीपासून झालेला मुलगा आहे, तर कार्तिक तिचा आणि शिवाचा. म्हणजे पार्वतीचे मातृत्व सतीलाच देऊन टाकले आहे. मागाहून येणाऱ्या पार्वतीला या कथेत कामच उरत नाही. शांतता-परिषदेच्या आमंत्रणाआड रचलेल्या कटात सती मारेकऱ्यांशी लढताना पडते आणि ती परत येत नाही. दक्षाचेही तसेच. पुराणांत त्याला बोकडाचे मस्तक लाभते आणि यज्ञ पुरा होतो; येथे पाशुपतास्त्राने देवगिरी भस्म होते आणि तिच्यासह दक्षही. परंपरेने ठेवलेल्या परतीच्या दोन्ही वाटा लेखकाने बुजविल्या आहेत. वाचकाचा शोक सतीसाठी आहे, तितकाच न आलेल्या पार्वतीसाठी आहे, असे मला वाटते.

‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात आनंदवर्धनाने याविषयी दुहेरी भूमिका घेतली आहे. इतिहासातील वृत्त रसाला प्रतिकूल असेल तर कवीने ते टाकून दुसरे कल्पावे, असे तो सांगतो. पण रामायणासारख्या ज्या कथांचा रस सिद्धच झालेला आहे, तेथे त्या रसाला विरोधी असा स्वेच्छाचार नको, असेही बजावतो. शिवकथा अशी सिद्धरस मानली तर अमिश दोषी ठरतात. मात्र अभ्यासकाने इतक्यावर थांबू नये. शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) सहानुभूतीचा काटा कर्णाकडे झुकविला, तरी त्याचा शेवट बदलला नाही, वाचक तेथे निःशंकपणे रडला. अमिश यांनी घटना तीच ठेवून तिचा परिणाम बदलला. शिवाला देव नव्हे, माणूस म्हणून उभे करायचे ठरले की माणसाच्या बायकोचा पुनर्जन्म दाखविता येत नाही. पहिल्या खंडातील गृहीतक तिसऱ्या खंडात वसूल होते, एवढेच. ज्यांनी ‘मेलुहा’तला चिलीम ओढणारा, थट्टा करणारा तिबेटी टोळीनायक आनंदाने स्वीकारला, त्यांनीच अखेरीस ‘शिवलीलामृता’तले देवत्व मागावे, यात विसंगती आहे खरी, पण पोथी आणि कादंबरी एकाच मनात नांदतात, याचा हा पुरावाही आहे.

याच शेवटाकडे स्त्री-वाचक कसे पाहतात, हा प्रश्न उरतो. पित्याने पतीचा अपमान केला म्हणून अग्नीत उडी घेणारी सती आणि तलवार हाती असताना पडलेली सती यांत दुसरी अधिक आपली वाटणे स्वाभाविक आहे. तिला परत आणण्याची गरज अशा वाचकाला कदाचित वाटणारही नाही. पदव्युत्तर वर्गात तेरावा अध्याय आणि देवगिरीची प्रकरणे एकत्र वाचून विद्यार्थिनींची मते स्वतंत्रपणे नोंदवावीत. पार्वतीची उणीव कोणाला भासते आणि कोणाला नाही, हे त्यातून कळू शकेल.