पहिला बार सर्वांत महाग

अमेरिकेत जुनी रिव्हॉल्व्हर जमवणाऱ्यांचा एक वाद वर्षानुवर्षे चालू आहे. हाती आलेले देखणे, जुने रिव्हॉल्व्हर रेंजवर नेऊन चालवावे, की पुसूनपासून तिजोरीत ठेवावे? एका पक्षाचे म्हणणे असे, की शस्त्र बार काढण्यासाठी घडवले जाते आणि न चालवणे म्हणजे ते घडवणाऱ्याच्या कसबाचा अपमान. दुसऱ्या पक्षाला हातमोजे घातल्याशिवाय मुठीला हात लावलेला चालत नाही. दोघेही जातीवरून निवाडा करतात, म्हणजे कोल्ट असेल तर असे आणि स्मिथ अँड वेसन असेल तर तसे. या वस्तू हाताळून आणि त्यांचे व्यवहार जवळून पाहून माझे मत असे बनले आहे, की निवाडा नगावरून व्हायला हवा. समोरच्या या एका नगात गमावण्यासारखे काय शिल्लक आहे ते आधी बघावे. ज्यात पुष्कळ शिल्लक आहे त्याचा पहिला बार सर्वांत महाग पडतो. ज्यातले वरचे तेज केव्हाच गेले आहे, ते नुसते जपून ठेवण्यात फारसा अर्थ नसतो. प्रत्यक्षात मात्र लोक उलटे वागतात. कोऱ्या नगाचा मोह आवरत नाही म्हणून तो चालवतात आणि झिजलेला नग 'जुना आहे' म्हणून कुलपात टाकतात.

उदाहरण म्हणून कोल्ट पायथनच घेऊ, कारण सर्वाधिक चर्चा त्याचीच होते. 1955 मध्ये हार्टफर्डच्या कोल्ट कंपनीने .357 मॅग्नम काडतुसासाठी ते बाजारात आणले, तेव्हा किंमत 125 डॉलर होती. त्या काळात ही रक्कम थोडी नव्हती, आणि ती मुख्यतः हातकामाची होती. 'रॉयल ब्लू' नावाने ओळखली जाणारी त्याची निळी झिलई नुसत्या रसायनाने येत नसे. आधी पोलादाला आरशासारखे पॉलिश करावे लागे, मगच ती खोल निळाई उठून दिसे. या पृष्ठभागावर वापराची प्रत्येक खूण उमटते. सिलिंडर फिरला की खालची खिट्टी त्यावर घासते आणि भोवताली बारीक रेघ पडते. घामाचे बोट तसेच राहिले तर त्याचा ठसा गंजाच्या रूपाने कायमचा वस्तीला येतो. बार काढला की सिलिंडरच्या तोंडाशी काजळीची वलये उमटतात. काजळी साफ होते, पण रेघ आणि ठसा निघत नाहीत. पुन्हा पॉलिश करून नवी झिलई चढवली, तर संग्राहकाच्या हिशेबी मूळ नग संपला. कडा गोल होतात, कोरलेली अक्षरे उथळ दिसू लागतात, आणि जाणकाराला ते एका नजरेत कळते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. कारखान्यातच चाचणीचे बार काढलेले असतात, मग 'न चालवलेले' हा सगळा भ्रमच नाही का? शब्दशः पाहिले तर आक्षेप बरोबर आहे. पण बाजारात न चालवलेले म्हणजे कारखान्याबाहेर पडल्यावर न चालवलेले, हे देणारा आणि घेणारा दोघेही जाणतात. चाचणीचे मोजके बार आणि रेंजवरची एक दुपार यांत फरक आहे, आणि तो धातूवर दिसतो.

दिसण्यापेक्षा गंभीर बाब आतल्या यंत्राची आहे. पायथनच्या आत 'हँड' नावाचा एक छोटा पोलादी दांडा असतो. घोडा मागे येताना तो सिलिंडरला ढकलून पुढचे घर नळीसमोर आणतो. स्मिथ अँड वेसनमध्ये हे काम झाल्यावर सिलिंडर खिट्टीच्या भरवशावर सोडलेला असतो आणि त्यात किंचित खेळ राहतो. कोल्टच्या जुन्या रचनेत बार उडण्याच्या क्षणीही हँड सिलिंडरला दाबून धरतो, त्यामुळे सिलिंडर तसूभरही हलत नाही. पायथनच्या अचूकपणाच्या ख्यातीमागे हे एक कारण आहे आणि त्याच्या नाजूकपणामागेही हेच. मॅग्नमच्या प्रत्येक धक्क्याचा काही भाग हँडच्या टोकावर येतो, टोक झिजते आणि टायमिंग, म्हणजे घर वेळेवर नळीसमोर येणे, मागे पडू लागते. विकत घेण्याआधी किंवा रेंजवर नेण्याआधी हे घरबसल्या तपासता येते. सिलिंडर उघडून सहाही घरे रिकामी आहेत ना, हे डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. मग सिलिंडर बंद करा, त्यावर बोटाचा अगदी हलका अडसर ठेवा आणि अंगठ्याने घोडा सावकाश मागे घ्या. घोडा शेवटच्या टप्प्यावर अडकण्याआधी खिट्टी खाचेत पडल्याचा 'टक्' आवाज आला पाहिजे. सहाही घरांवर हे करून बघा. एकाही घरावर घोडा आधी अडकला आणि खिट्टी मागून पडली, तर ते रिव्हॉल्व्हर कारागिराकडे जायला हवे. आणि इथेच खरी अडचण आहे. त्या पिढीच्या कोल्टचे भाग हाताने घासून बसवावे लागत. सुटा भाग आणून बसवला आणि झाले, असे इथे होत नाही. ते काम येणारे हात आता थोडे उरले आहेत.

'बनवलेच आहे चालवायला' या युक्तिवादाला माझे उत्तर यातच आहे. 1955 मध्ये तो युक्तिवाद शंभर टक्के खरा होता, कारण बिघडले तर कारखाना होता आणि दुसरा नग दुकानात होता. जुन्या पायथनचे नियमित उत्पादन विसाव्या शतकाच्या अखेरीस थांबले. 2020 मध्ये कोल्टने त्याच नावाचे नवे रिव्हॉल्व्हर 1,499 डॉलरला आणले. ते स्टेनलेस पोलादाचे, आत कमी भाग असलेले आणि नव्याने आखलेल्या यंत्राचे आहे. ज्याला पायथन चालवण्याची हौस आहे त्याने ते घ्यावे आणि मनसोक्त चालवावे. चालवण्याचे सुख आता विकत मिळते. 1960 च्या दशकातली, खोक्यातून कधी बाहेर न आलेली निळाई मात्र पुन्हा तयार होणार नाही. किमती उद्या पडल्या तर काय, असेही विचारले जाते. पडोत. दूरदर्शन मालिकेतल्या नायकाच्या कमरेला पायथन दिसले की मागणी चढते, मालिका संपली की उतरू शकते. मी जपण्याचा आग्रह धरतो तो दरासाठी नव्हे. एकदा गेलेली गोष्ट परत आणता येत नाही, एवढेच त्यामागचे कारण आहे.

आता दुसरी बाजू, जिच्याकडे जपणारे लोक दुर्लक्ष करतात. पोलिसाच्या चामडी म्यानात वर्षे काढलेले, नळीच्या टोकाला निळाई उडालेले, पण आतून घट्ट असलेले रिव्हॉल्व्हर तिजोरीत ठेवून काय साधते? त्याची किंमत वापरलेल्या नगाची आहे आणि शंभर बारांनी ती बदलत नाही. असे रिव्हॉल्व्हर अवश्य चालवावे, फक्त काडतूस विचारपूर्वक निवडावे. .357 च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .38 स्पेशल चालते. त्यातले वॉडकटर नावाचे सौम्य काडतूस यंत्रावर जवळजवळ ताण आणत नाही. मात्र .38 ने घरांत काजळीचे कडे धरते, ते त्याच दिवशी ब्रशने काढावे, नाहीतर पुढे .357 चे काडतूस अडते. स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल 19 बाबत हे पथ्य विशेष पाळावे. मध्यम आकाराच्या चौकटीत मॅग्नम बसवताना नळीचे मागचे तोंड खालून घासून सपाट करावे लागले. हलक्या, वेगवान मॅग्नम गोळ्यांनी नेमके तिथेच तडे गेल्याची उदाहरणे आहेत. सराव .38 वर आणि मॅग्नम प्रत्यक्ष ड्यूटीपुरते, असा त्या काळचा शिरस्ता होता. तोच आजही हिताचा आहे.

काही नगांबाबत मात्र प्रश्न किमतीचा नसून बोटांचा आणि डोळ्यांचा आहे. 1873 मध्ये आलेल्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीचे सुरुवातीचे नग काळ्या दारूसाठी होते. धूररहित दारूची हमी कोल्टने 1900 च्या सुमारास दिली. त्याआधीच्या नगात आजचे कारखानी काडतूस घालू नये. तीच गोष्ट वेब्ली मार्क 6 ची. हे .455 चे ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हर पहिल्या महायुद्धातले. अमेरिकेत गेलेल्या पुष्कळ नगांचे सिलिंडर मागून घासून .45 ऑटोची काडतुसे बसतील असे केले गेले. काडतूस बसते म्हणून ते चालते असे नाही. .45 ऑटोचा दाब .455 पेक्षा बराच जास्त असतो. तो धातू यासाठी तोलला गेलेला नव्हता. इथे 'आजवर काही झाले नाही' हा पुरावा धरू नये.

जपायचे ठरवले म्हणजे काम संपले असेही नाही, कारण चुकीचे जपणे चालवण्याहून वाईट ठरते. चामडी म्यानात कधीही ठेवू नये. चामडे ओल धरते आणि कमावण्यातली आम्ले व क्षार धातूला लागतात. निकेलच्या मुलाम्यावर अमोनियायुक्त द्रावण वापरू नये. मुलामा कुठे सुटला असेल तर ते आत शिरून त्याला उचलते. कोरडी, स्थिर हवा, सिलिका जेल आणि वरून ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या रेनेसाँ वॅक्ससारख्या मेणाचा पातळ थर एवढे पुरते. न चालवल्याने यंत्र आखडते असे म्हणतात. आखडते ते जुने तेल चिकट झाल्याने, आणि त्यावर उपाय तेल बदलणे हा आहे, बार काढणे नव्हे. आणि रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप पाहुण्यांसमोर टकाटक ओढून दाखवण्याची सवय सोडावी. सिलिंडरवरची रेघ त्यानेही पडते.

भारतात या वादाला फारशी जागाच नाही. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात, काडतुसे परवान्यावर मोजून मिळतात, आणि निवडणूक आली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघतो. तिथे त्याला तेलपाणी कोण करणार? आजोबांचे रिव्हॉल्व्हर वारसाहक्काने आलेल्याने आधी परवान्याचे बघावे, बाकी सगळे मागाहून.

अमेरिकेतल्या संग्राहकाला मात्र एक विनंती. पुठ्ठ्याचा मूळ खोका, आतली पुस्तिका आणि पावती कधीही फेकू नका. क्रमांक देऊन कोल्टच्या अभिलेखागाराकडून त्या नगाची मूळ नोंद सांगणारे पत्र शुल्क भरून मागवता येते, तेही त्याच खोक्यात ठेवा. सोबत तुमच्या हस्ताक्षरात एक कागद असू द्या. कोणता नग चालवलेला आहे, कोणता नाही, कोणत्यात कोणते काडतूस घालायचे आणि कोणत्यात कोणतेच नाही, हे त्यावर लिहा. मागे राहणाऱ्या मुलांना यातले काही माहीत नसते, आणि घर आवरताना ती सर्वांत आधी खोकाच टाकतात.